आपली बायको, सरकारची पाहुणी

बायकोला कायमचं वास्तव्य मिळावं म्हणून अर्ज करणाऱ्या नवऱ्याला कॅनडाचं सरकार ‘स्पॉन्सर’ म्हणतं. प्रस्तुत लेखकाच्या डोक्यात हवा जायला एवढं पुरेसं होतं. साताऱ्यात असताना गल्लीतल्या गणेश मंडळाच्या फ्लेक्सवर ‘सौजन्य’च्या पुढे आपलं नाव झळकावं अशी त्याची फार इच्छा, पण त्याची वर्गणी पाहून कार्यकर्त्यांनी त्याला चपलांवर लक्ष ठेवायला बसवलं. ती कसर मिसिसागाच्या बेसमेंटमध्ये आयएमएम १३४४ या फॉर्मने भरून निघाली. त्यावर सही केली, की पत्नी कायमची रहिवासी झाल्या दिवसापासून तीन वर्षं तिच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याची जबाबदारी नवऱ्याची. मधे घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही. लेखकाने सही केली, पेनला टोपण लावलं आणि बायकोकडे उपकारकर्त्याच्या नजरेने पाहिलं.

ती म्हणाली, “वडाला मी सात जन्म मागते. तुझ्याकडून यांनी तीनच वर्षं लिहून घेतली?”

ती साताऱ्यात एका बँकेत पासिंग ऑफिसर होती. समोरचा माणूस कितीही सज्जन दिसला तरी त्याच्या कागदाची मागची बाजू पाहायची, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं. लेखकाने अभिमानाने तयार केलेली फाइल तिने एका संध्याकाळी पालथी घातली, आणि जुन्या पत्त्यांच्या यादीत मधला महिनाभर हा गृहस्थ कुठे राहत होता असं विचारलं. एकही खंड चालत नाही. लेखक तेव्हा पुण्यात एका मित्राच्या खोलीवर पथारी टाकून होता. भाडं द्यायचं नसल्याने त्या वास्तव्याची त्याने इतिहासात नोंदच ठेवली नव्हती.

तर मुख्य घोळ असा. तिच्या पासपोर्टवरचा पाहुणी म्हणून मिळालेला व्हिसा चांगला दहा वर्षांचा. साताऱ्यातल्या नातेवाइकांची समजूत, की आता पोरगी दहा वर्षं निवांत. पण व्हिसा हा फक्त दारापर्यंत येण्याचा परवाना. आत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने काही लिहिलं नाही तर सहा महिने. कायमच्या वास्तव्याचा अर्ज काही सहा महिन्यांत निकाली निघत नाही. म्हणून तो अर्ज एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे पाहुणी म्हणून मुदत वाढवून घ्यायची: फॉर्म आयएमएम ५७०८, फी १०० डॉलर. मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करा, असं सरकार सांगतं. अर्ज वेळेत गेला, तर निकाल लागेपर्यंत आधीच्याच अटींवर राहता येतं. मुदत हुकली, तर स्थिती पूर्ववत करून मागायला ९० दिवस असतात. पासिंग ऑफिसर घरात असल्यावर त्या वाटेला जायचा प्रश्नच नव्हता.

मग पत्रं आली. मुदतवाढीच्या अर्जाला जोडायच्या पत्रात लेखकाने लिहिलं, की माझी पत्नी येथे तात्पुरती आली असून मुदत संपताच ती कायद्याचा मान राखून देश सोडेल. त्याच आठवड्यात दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलं, की आम्हा दोघांना उर्वरित आयुष्य इथे एकत्र काढायचं आहे आणि तिच्यावाचून राहणं मला असह्य आहे. दोन्ही पत्रांखाली सही एकच. लेखकाला पकडले जाण्याची भीती वाटू लागली. पण कॅनडाच्या कायदेमंडळाने हे आधीच ओळखून ठेवलेलं आहे. २००१च्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टच्या २२ (२) या कलमाप्रमाणे कायमचं राहण्याची इच्छा असलेला माणूस तात्पुरता पाहुणाही असू शकतो; वेळ आली तर तो निघून जाईल एवढी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. मन दोन्हीकडे ठेवायला परवानगी देणारा असा कायदा लेखकाच्या माहितीत दुसरा नाही. बायकोने मात्र दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, “यातलं मनापासून कुठलं लिहिलंयस? भाषा पहिल्याचीच जास्त चांगली आहे.”

खरी मजा पुराव्यांची. लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही, हे दाखवायला फोटो लागतात. जास्तीत जास्त वीस. प्रस्तुत लेखकाने साताऱ्याहून लग्नाचा करिझ्मा अल्बम मागवून घेतला. त्याचं वजन सामानाच्या मर्यादेत मोठा वाटा खाऊन गेलं. आणि उघडून पाहतो तो काय, त्यात नवरा-बायको एकत्र असे जवळपास नाहीतच! मंगलाष्टकं चालू असताना मधे अंतरपाट. अंतरपाट दूर झाल्यावर चेहऱ्यावर मुंडावळ्या. मुंडावळ्या बाजूला सरकल्या तर डोळ्यांत अक्षता गेल्याने दोघांचेही डोळे मिटलेले. सप्तपदीच्या फोटोत गुरुजी ठळक. कन्यादानाच्या फोटोत मामा ठळक. रिसेप्शनला दोन सिंहासनं, पण प्रत्येक फोटोत त्या दोघांच्या मधोमध कुणी ना कुणी उभं: काका, काकांचे साडू, बँकेचे मॅनेजर, आणि तीन फोटोंत एक असे गृहस्थ, जे कुठल्या बाजूचे हे आजतागायत दोन्ही घरांना कळलेलं नाही. घास भरवतानाचा एक फोटो आहे, पण फोटोग्राफर “होल्ड, होल्ड” म्हणत राहिल्याने नवऱ्याच्या तोंडात अर्धी जिलबी आणि चेहऱ्यावर प्राण कंठाशी आल्याचा भाव. बळजबरीच्या विवाहाचा पुरावा म्हणून तो उत्तम चालला असता.

लग्नानंतर तरी? महाबळेश्वरला दोघं गेली होती. वेण्णा लेकवर तिचा फोटो त्याने काढला, त्याचा तिने. दोन्ही फोटोंत मागे तीच बोट आहे, एवढाच काय तो संसाराचा धागा. एकदा एका परक्या माणसाला विनंती केली, तर त्याने दोघांनाही मानेपासून खाली टिपलं. लेखकाचं मत असं, की मराठी मध्यमवर्गात ज्यांचे एकत्र फोटो भरपूर आहेत, त्यांचीच खरं तर चौकशी व्हायला हवी.

फोटोंनंतर संवाद. मेसेज छापून द्यायचे, दहा पानांपर्यंत. इंग्रजी किंवा फ्रेंच नसेल तर भाषांतर, आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं शपथपत्र. लेखक टोरांटोकडे एकटा होता त्या काळातले मेसेज काढले. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. त्याने “झोपलीस?” विचारावं आणि त्याखाली तिचं “उठलास का?” यावं, अशी पानंच्या पानं. त्यातच लेखकाने एका बर्फाळ रात्री तिला पाठवलेली स्वतःची कविता होती. हे पान जायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर का होईना, रसिक वाचक मिळाला असता. तिने ते पान बाजूला काढलं. “भाषांतराला पानामागे पैसे पडतात,” ती म्हणाली, आणि गॅस सिलिंडरवरून झालेल्या भांडणाचं पान आत ठेवलं. त्यात दोघांचीही उत्तरं मिनिटाच्या आत आलेली होती, हा तिच्या दृष्टीने भक्कम पुरावा.

फॉर्म आयएमएम ५५३२ आणखी खोलात जातो: ओळख कुणी करून दिली, पहिल्या भेटीत एकमेकांना काय दिलं. ओळख लेखकाच्या मावशीने करून दिली. भेटीत दिले ते कांदेपोहे. पत्रिकेवर तर ‘कृपया आहेर आणू नये’ असं ठळक छापलेलं; ही पत्रिका पुरावा म्हणून जोडली, तर कंजूसपणाचं खापर कुणावर फुटणार, यावर दोन्ही घरांत व्हिडिओ कॉलवर चर्चा झाली.

सल्ले द्यायला तर गणपतीचा हॉल भरलेला होता. एकाने सांगितलं, सरळ बफेलोला जाऊन परत या, शिक्का नवा. तिच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता. दुसरे म्हणाले, काही करू नका, आपोआप होतं. ते स्वतः नागरिक होते.

या सगळ्यात एक गोष्ट लेखकाने हसण्यावारी नेली नाही. पाहुण्याला नोकरी करता येत नाही, सरकारी आरोग्यविमा नाही. आणि कॅनडातूनच केलेल्या अर्जात एकत्र राहण्याची अट असते. मधे बाहेर गेलं आणि परत येताना सीमेवर अडवलं, तर अख्खा अर्ज धोक्यात. मुदतवाढीचा कागद मिळाला तरी त्यावर परत आत येता येत नाही. त्याच दरम्यान साताऱ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. फोनवर त्या म्हणाल्या, “तू येऊ नकोस गं, डोळा एकच करतायत.” तिने डॉक्टरांचं नाव, लेन्सची किंमत, ड्रॉपच्या वेळा सगळं विचारून वहीत लिहिलं. नंतर ती बराच वेळ ती वही बंद न करता बसली. एकीकडे ‘ती परत जाईल’ असं सरकारला लिहून दिलेलं, आणि जायची खरी गरज होती तेव्हा जाता येत नव्हतं.

लेखकाला या रागात वाचनाचा नाद लागला. कॅनडाने १९०८ साली सलग प्रवासाचा नियम काढला: मायदेशाहून मधे न थांबता आलात तरच प्रवेश. भारतातून तशी बोट सोयीने मिळत नव्हती. हेतू उघड होता. इथे आधीच स्थायिक झालेल्या शीख पुरुषांना बायका आणता येईनात. १९१२च्या जानेवारीत व्हँकुव्हरच्या गुरुद्वारातले भाग सिंग आणि बलवंत सिंग आपल्या बायकामुलांना घेऊन आले. पुरुषांना आत सोडलं, बायकामुलांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. बऱ्याच खटाटोपानंतर सरकारने त्यांना राहू दिलं, तेही खास मेहेरबानी म्हणून; याचा दाखला पुढे कुणी द्यायचा नाही. बायकामुलांना आणायची रीतसर मुभा मिळायला १९१९ उजाडलं. तेव्हा वीस फोटो मागणाऱ्या सरकारवर किती चिडायचं, याचा लेखकाला थोडा विचार करावा लागला. चिडला तो तरीही.

मुदतवाढ मिळाली. व्हिजिटर रेकॉर्ड म्हणतात त्याला. वर तिचं नाव, खाली नवी तारीख. स्पॉन्सरचा त्यावर उल्लेखसुद्धा नाही. लेखकाने कागद उलटूनही पाहिला.

मोठा अर्ज अजून चालू आहे. पण बायकोने पुढची फाइल उघडलेली आहे: आईला सुपर व्हिसा. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. निमंत्रण द्यायचा अधिकार मात्र मुलाचा, मुलीचा किंवा नातवंडाचा, आणि तेही कायमचे रहिवासी किंवा नागरिक असले पाहिजेत. जावयाला फार तर उत्पन्न दाखवायला सोबत सही करता येते.

“म्हणजे मी कोण?” लेखकाने विचारलं.

“दुसरी सही,” ती म्हणाली. “आणि तुझ्या पगाराच्या स्लिपा नीट लाव. मार्चची सापडत नाहीये.”

सासूबाई स्क्रीनवर होत्या. त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा जवळ आणून विचारलं, “जावईबापू, माझेपण वीस फोटो लागतील का हो? आमचा दोघांचा एकच आहे. त्यातही मधे तुमचे साडू उभे आहेत.”