उघडझाप दिव्यांचे पैसे

माझदा एमएक्स-५च्या पहिल्या पिढीला ब्रिटनच्या सेकंडहँड बाजारात आज जो भाव मिळतो, त्यातला मोठा वाटा दिव्यांचा आहे. बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे आणि बंद केले की पुन्हा आत जाणारे ते दोन दिवे. १९९८ साली दुसरी पिढी आली, दिवे पुढच्या पत्र्यात कायमचे बसले, आणि ‘आता ती खरी गाडी राहिली नाही’ असं म्हणणारा एक पंथ उभा राहिला. तो पंथ अजून भाव ठरवतो आहे. मला त्याचा राग येतो, कारण त्याच्या नादी लागून चांगली माणसं जास्त पैसे मोजतात आणि कमी चांगली गाडी घरी आणतात.

आपल्याकडे माझदा म्हटलं की शाळेची ‘स्वराज माझदा’ डोळ्यांपुढे येते. माझदाची मोटार भारतात कंपनीने कधी विकली नाही, आणि तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणता येत नाही, त्यामुळे ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर दिसणं अवघडच. पण जॅग्वार-लँड रोव्हर टाटांकडे गेल्यापासून कॉव्हेंट्रीच्या बाजूला आपली बरीच इंजिनिअर पोरं आहेत. त्यातलाच माझा एक भाचा. ‘मामा, पैसे जमलेत, कुठली पिढी घेऊ?’ असा त्याचा प्रश्न आला. उत्तर त्याला दिलंच, पण ते इतरांच्याही कामाचं आहे.

आधी मूळ गोष्ट. साठच्या दशकातल्या ब्रिटिश हलक्या स्पोर्ट्स गाड्या, लोटस एलान किंवा एमजी, चालवायला अप्रतिम होत्या आणि भरवशाला शून्य. ऐंशीच्या दशकापर्यंत तो प्रकार जवळजवळ संपला होता. बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की अशी गाडी तुम्ही पुन्हा बनवा. तोशिहिको हिराई यांनी प्रकल्प हाती घेतला आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी जगापुढे आली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, पुढच्या-मागच्या धुरांवर जवळपास निम्मं-निम्मं वजन, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास, आणि सगळी गाडी हजार किलोच्या आत. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक चौकट टाकलेली, म्हणून अॅक्सिलरेटरवर पाय पडला की मधे कुठे लवचिकपणा जाणवत नाही. या गाडीचा आत्मा तिथे आहे, दिव्यांत नाही. आणि ही सगळी मांडणी दुसऱ्या पिढीत जशीच्या तशी आहे.

पहिल्या पिढीचं वाईट बोललं की लोक चिडतात. चिडू देत. तिची मागची काच म्हणजे प्लास्टिकचा कागद आहे; तो पिवळा पडतो, थंडीत घडी घातली की चिरतो. १९९१च्या आधीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे, तिथली पुली सैल पडली की खाच झिजते आणि काम थेट क्रँकपर्यंत जातं. १९९५पासून ब्रिटनमध्ये विकलेल्या १.६ गाडीची ताकद कंपनीनेच उतरवून ९०च्या आसपास आणली होती. जाहिरातीत पहिल्या पिढीला नुसतं ‘मार्क वन, १.६’ लिहिलेलं असतं. साल विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्यांत वाईट म्हणजे या गाड्या आता गुंतवणूक झाल्या आहेत. कमी मैलांची मार्क वन घेऊन लोक ती गराजमध्ये झाकून ठेवतात. चालवण्यासाठीच जन्मलेली गाडी चालवायची नाही, यापेक्षा तिचा मोठा अपमान मला माहीत नाही.

दुसऱ्या पिढीने काय दिलं? मागे खरी काच, तीही गरम होणारी, म्हणजे इंग्लंडच्या दमट सकाळी मागचं दिसतं. स्टेपनी आणि बॅटरी डिकीच्या तळात खाली गेली, त्यामुळे डिकी मोठी झाली आणि वजनही खाली आलं. चासी अधिक ताठ. १.८ इंजिनाला १४० अश्वशक्ती. वजन थोडं वाढलं, हे खरं. पण त्याचा बाऊ करणाऱ्याने दोन्ही गाड्या एकाच घाटरस्त्यावर, वेल्सच्या डोंगरात म्हणा, लागोपाठ चालवाव्यात आणि मग बोलावं. वळणावर स्टीअरिंग तेच बोलतं. गिअरचा दांडा तसाच इंचभर हलतो आणि तसाच खटकन बसतो. आणि इतकं असूनही चांगली मार्क टू चांगल्या मार्क वनपेक्षा स्वस्त मिळते.

पण गंज. इथे मी कुणालाही सवलत देणार नाही, कारण सगळं नुकसान इथेच होतं.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर पत्र्याच्या सांध्यांत शिरतं. त्यात या गाडीची एक जन्मखोड आहे: कापडी टपावरचं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली उतरतं, आणि त्या नळ्या पानाकचऱ्याने तुंबल्या की पाणी गाडीत साचतं आणि दाराखालच्या पट्ट्या, ज्यांना तिथे सिल म्हणतात, त्या मागच्या चाकाच्या बाजूने आतून सडतात. वरून रंग झकास दिसत असतो. हे पहिल्या पिढीला आहे आणि दुसऱ्या पिढीलाही आहे. दुसऱ्या पिढीला आणखी एक दुखणं आहे, तेही जास्त धोक्याचं: पुढच्या बाजूचे चासीचे दोन दांडे. तिथे पत्र्याचे दुहेरी थर आहेत, मधल्या पोकळीत ओल अडकते, आणि बाहेर भोक दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. सस्पेन्शन याच भागाला धरून असतं. सस्पेन्शन किंवा स्टीअरिंग जिथे जोडलेलं आहे त्याच्या तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कमजोर झालेला आढळला तर गाडी वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, नापास होते. व्हायलाच हवी.

दुसऱ्या पिढीतलं हे वेल्डिंग स्वस्त नाही. भाव पाडून मागायचं कारण म्हणून त्याच्याकडे बघू नका. दांडे गेलेली गाडी घ्यायचीच नाही. ज्याचे दांडे नीट केल्याचे फोटो आणि बिलं आहेत ती घ्यायची. किंवा जपानमध्ये वापरून मग ब्रिटनमध्ये आणलेली. तिथल्या बऱ्याच भागांत रस्त्यावर मीठ कमी पडतं आणि स्टीअरिंगही उजवीकडेच असतं. तिच्यावर नुसतं ‘रोडस्टर’ लिहिलेलं असेल.

तिसऱ्या पिढीबद्दल थोडक्यात. २००५ साली आली, तेव्हा तिला जाडी म्हणून हिणवलं गेलं. ताकाओ किजिमा यांनी दुसरी पिढी सांभाळली होती, तिसरीही त्यांचीच. मागचं बघायच्या आरशातून ८४ ग्रॅम वाचवले म्हणून ज्यांच्या टीमचं कौतुक झालं, त्या माणसांना वजनाची पर्वा नव्हती असं म्हणणं चूक आहे. ज्यांची उंची सहा फुटांच्या पुढे आहे त्यांनी हीच घ्यावी, आधीच्या गाड्यांत गुडघे स्टीअरिंगला लागतात. घडीचं पत्र्याचं टप असलेली घेतली तरी डिकीची जागा कमी होत नाही. मला तिचं स्टीअरिंग तितकं बोलकं वाटत नाही, एवढीच माझी तक्रार.

चौथी पिढी, २०१५ची, तिचा मला मनापासून आदर आहे. सगळ्या गाड्या फुगत चाललेल्या काळात नोबुहिरो यामामोतोंच्या टीमने गाडी पुन्हा हजार किलोच्या आसपास आणली. पैसे असतील तर तिचं १.५ लिटरचं इंजिन घ्या. ते पिळून चालवण्यात जी मजा आहे ती २.० लिटरच्या जोरात नाही. सुरुवातीच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तक्रारी होत्या आणि माझदाने आतले भाग पुढे बदलले. २०१८च्या सुधारणेनंतर स्टीअरिंग पुढेमागेही सरकतं. म्हणजे त्यानंतरचीच बघा.

लंडनमध्ये राहणाऱ्यांना एक वेगळा हिशेब करावा लागतो. धुराच्या नियमाचा पट्टा ऑगस्ट २०२३पासून सगळ्या लंडनभर पसरला आहे आणि नियमात न बसणारी गाडी चालवली तर दिवसाला साडेबारा पौंड. पहिली पिढी त्यात अडकते. चाळीस वर्षं पूर्ण झाल्यावर ऐतिहासिक गाडी म्हणून सूट मिळते, पण १९८९च्या गाडीलाही त्यासाठी अजून थांबायचं आहे. दुसऱ्या पिढीतल्या काही गाड्या सुटतात, काही नाही. नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर आधी बघा, मग गाडी बघायला जा. वेगळ्या सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा जुना इतिहासही फुकट मिळतो: कुठल्या साली किती मैल, कुठे गंजाची सूचना दिली होती, कुठल्या वर्षी ती सूचना अचानक गायब झाली. मधे वेल्डिंगचं बिल नसताना सूचना गायब झाली असेल तर त्या पट्टीवर फक्त काळा लेप फासला आहे, असं समजा.

तर भाच्याला मी सांगितलं: २००१नंतरची दुसरी पिढी, १.८, बिलांची फाइल असलेली. मैल थोडे जास्त असले तरी चालतील. दिवे विसर. पाऊस पडून गेल्यावर बघायला जा आणि पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघ. मग जवळच्या गराजमध्ये गाडी लिफ्टवर घ्यायला लाव, त्याचे पैसे तू दे. लिफ्टवर घ्यायला विकणारा नाही म्हणाला, तर घासाघीस न करता निघ. त्याच सालच्या, त्याच रंगाच्या आणखी गाड्या पुढच्याच आठवड्यात विकायला येतील.