गडग्यावरची बातमी

"नाव विचारू नका हं ताई," म्हणत वैनी गडग्याला टेकल्या, तेव्हाच मी ओळखलं, आता नाव येणार. नागावात आमच्या दोन वाड्यांमधला हा गडगा कमरेएवढाच. त्यावरून विरजण जातं, शहाळी जातात, बातमी तर उडीच मारते.

पण या खेपेला नाव आलंच नाही. पांढऱ्या कांद्याची माळ विणता विणता वैनी हळू आवाजात सांगत राहिल्या. दहावीतलं पोर. मोबाइलवरच्या खेळात कुणी 'मुलगी' भेटली, गोड बोलली, नको तसला फोटो मागवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी पैसे मागायला लागली. नाही दिले, तर फोटो अख्ख्या वर्गाला. पोराचं जेवणावरून मन उडालं. आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन. दृष्टसुद्धा काढलीन!

"मग कळलं कसं?"

"आत्याला सांगितलंन. ती ओरडत नाही ना."

आत्याने पैसे भरू दिले नाहीत, फोनमधलं काही पुसू दिलं नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि १०९८ लावला. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीचा हा नंबर, रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत. १९९६ साली जेरू बिलिमोरियांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतून मुंबईत तो सुरू केला, रस्त्यावरच्या पोरांसाठी. दहा-नऊ-आठ, उलटी मोजणी, शाळा न पाहिलेल्यालाही पाठ होईल अशी. आता तो सरकारकडे आहे. पैसे गेलेच असते तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर.

मी म्हटलं, "अहो, अक्षयकुमारच्या घरीसुद्धा झालंच की! ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत मुख्यमंत्र्यांसमोर त्यानेच सांगितलं. मुलगी ऑनलाइन खेळत होती. समोरच्याने आधी मुलगा की मुलगी विचारलं, मग तसलेच फोटो मागितले. तिने खेळ बंद केला आणि थेट आईला सांगितलं."

"आई म्हणजे ट्विंकल. डिंपलची मुलगी," वैनी म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही 'बॉबी'त होतो. गडग्यावर असंच चालतं.

परत आलो ते पोलिसांवर. "तक्रार केली की गावभर होणार, म्हणून आई घाबरत होती," वैनी म्हणाल्या.

"पॉक्सो कायद्यात मुलाचं नाव, फोटो, शाळा, काहीच छापता येत नाही."

"छापत नाहीत हो. पण गावभर करतं कोण?"

दोघीही जरा वेळ गडग्याकडे बघत राहिलो.

माळ पुरी झाली. वैनींनी ती पडवीच्या आढ्याला टांगली. मी घरात येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोठ्या अक्षरात १०९८ लिहिला. स्वयंपाकघरातल्या नव्हे, टीव्हीशेजारच्या. पोरांची नजर तिथेच जाते.

मुलाचं नाव मी विचारलं नाही, आत्याचंही नाही. वैनींचं माहेर रेवदंड्याचं आणि त्यांना एकच भाऊ, एवढं मला ठाऊक आहे.