आळूच्या पानांवरून निघालेली गोष्ट

"काय हो वहिनी, सकाळी सकाळी पदर खोचून ती बाटली कुठे?"

"सिंक तुंबलंय काकू. रात्रीपासून पाणी हलत नाही. यांनी ॲसिड आणून दिलंय."

"ठेवा ती खाली! गेल्या वर्षी आमच्याकडे काय झालं, ऐकलं नाहीत का? आधी कॉस्टिक सोडा टाकला, पाणी हललं नाही म्हणून यांनी वरून ॲसिड ओतलं. भस्सकन उसळलं! चष्मा होता म्हणून डोळे वाचले. आणि त्या ॲसिडमध्ये कपड्यांचं ब्लीच मिसळलं तर क्लोरीन होतो म्हणे, विषारी वायू. घरात थांबवणार नाही."

"मग खायचा सोडा आणि व्हिनेगर? मुलीनं मोबाइलवर बघितलंय."

"फेस येतो, बघायला छान. एकमेकांचं बळ घालवतात दोघं, खाली काही होत नाही. तुम्ही आधी रबरी पंप मारून बघा. दुसऱ्या भोकात ओली चिंधी कोंबा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. सिंकमध्ये पंपाची वाटी बुडेल इतकं पाणी राहू द्या. वीसेक दणके द्या."

"नाहीच गेलं तर?"

"तर खालचा ट्रॅप सोडवा. हातानं फिरतो. खाली बादली ठेवा. मी सोडवला तेव्हा काय निघालं माहितीये? मेथीची देठं, एक सेफ्टीपिन, आणि करड्या रंगाचा गोळा, असा चिकट, हाताला सुटेना. नागलीचं पीठ आणि तेल. भाकरीचं भांडं विसळतो ना आपण तिथेच. काढला, खूश झाले. मग भरलेली बादली उचलली आणि सवयीनं सिंकमध्येच ओतली."

"अगं बाई! ट्रॅप तर…"

"बाजूलाच पडलेला! सगळं पायावर. हे दाराशी उभे, हसून हसून बेजार. फडकं काही कुणी आणून दिलं नाही."

"पण तो वाकडा ट्रॅप लावतातच कशाला? सरळ नळी असती तर तुंबलं नसतं."

"घरभर वास सुटला असता. त्या वाकात पाणी साचून राहतं, तेच बूच. वास नाही, झुरळं नाहीत. आमचा भाचा प्लंबिंग शिकतो, तो सांगतो, 1775 मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळवाल्यानं शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. मे महिन्यात गावाला गेलात की ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. आल्यावर मोरीत नाक धरता ना? मगभर पाणी ओता, बंद."

"मेमध्ये मगभर पाणी आहे कुठे आपल्याकडे? विसळायलासुद्धा मोजून घेते."

"तिथेच तर गोम आहे. पावसाळ्यात आपल्या जव्हारला आभाळ फाटतं, आणि उन्हाळ्यात आपण वाटीभर पाण्यात भांडी उरकतो. तेवढ्यानं तेल पुढे सरकत नाही, पाइपातच थिजतं. म्हणून म्हणते, कढई आधी कागदानं पुसायची. जाळीवरचं उष्टं रोज काढायचं. आठवड्याला तपेलंभर कडक पाणी सोडायचं, उकळतं नको, प्लास्टिकचे सांधे ढिले होतात."

"खोडाळ्याच्या तुमच्या नणंदेला बरं, सिंकच नाही."

"तिची मोरी दगडी, पाणी सरळ केळीला. ती काय म्हणते ठाऊक आहे? मध्य वैतरणा धरण आमच्या मोखाड्यात, पाणी मुंबईच्या सिंकांना, आणि आमच्याकडे टँकर. काय उत्तर देणार! पण आता तिच्या वाडीत शोषखड्डे घेतायत. नांदेडकडच्या टेंभुर्णी गावानं केले तसे. घराजवळ खड्डा, मधे भोकांची टाकी, भोवती दगड. सांडपाणी जमिनीत मुरतं, डास कमी."

"तुमचं पाणी या आळूलाच जातं ना? पानं बघा, केवढाली!"

"साबणाचं पाणी वेगळं काढते, उरलेलं सगळं त्यालाच. हवीत? थांबा, विळी आणते. आठ-दहा पुरतील?"

"पुरतील. वड्या करून पाठवते संध्याकाळी."

"पाठवा. आणि वहिनी, तळणाचं तेल…"

"कागदानं पुसते हो, कागदानं!"

"आधी तो पंप तर मारा. आमचाच घेऊन जा, परत मात्र धुऊन द्या."