पदवी पत्रकारितेची

प्रवेश घेताना पालकांना पटत नाही आणि पदवी घेतल्यावर संपादकांना पटत नाही, अशा विद्यापीठीय शाखेस माध्यमशिक्षण म्हणतात.

या देशात पत्रकारिता आधी आली, तिचे वर्ग मागाहून. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढला, तेव्हा मुंबई विद्यापीठ निघायलाच पंचवीस वर्षे अवकाश होता. पत्रकारितेचा विद्यापीठीय वर्ग लाहोरला १९४१ साली सुरू झाला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तो १९६४ साली आला. मुंबई विद्यापीठाने २००० साली बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) आणले आणि पुढे त्याचे बीएएमएमसी केले. अक्षरे वाढली, कॉलेजच्या कट्ट्यावर ते बीएमएमच राहिले.

अभ्यासाचा पाया म्हणजे सहा ककार : कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. त्यानंतर सिद्धान्त येतात. शॅनन आणि वीव्हर यांच्या प्रारूपात गोंगाट हा संदेशातला अडथळा आहे. रात्री नऊच्या चर्चेत आठ चौकटींतून आठ जण एकदम बोलतात, तेव्हा अडथळा शिल्लक राहतो आणि संदेश सापडत नाही. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९७२ साली मांडले की, लोकांनी कशाचा विचार करायचा हे माध्यमे ठरवतात. माध्यमांनी कशाचा विचार करायचा हे जाहिरात विभाग ठरवतो. पण तो धडा परीक्षेला नसतो. बहुमत विरोधात आहे असे वाटले की माणूस गप्प बसतो, हा नॉएल-नॉयमान यांचा सिद्धान्त. त्याचे प्रात्यक्षिक इंटर्नशिपमध्ये, संपादकीय बैठकीत होते.

इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असते; मिळते ते प्रमाणपत्र. मुख्य काम आलेली प्रेसनोट बातमी म्हणून लावण्याचे. महत्त्वाचे आधी आणि किरकोळ शेवटी, हा उलट्या पिरॅमिडचा नियम येथे काटेकोर पाळला जातो. पुलाच्या उद्घाटनाची बातमी असेल, तर पहिल्या सात ओळींत ‘शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’ आणि ‘यावेळी व्यासपीठावर’ येतात; पूल कोणत्या नदीवर आहे ते आठव्या ओळीत. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात आणि पूल जातो. तो दोन वर्षे का रखडला, हे प्रेसनोटमध्येच नसल्याने कापावे लागत नाही. वेबसाइटवर मात्र ‘का’ला मान आहे : ‘कारण वाचून थक्क व्हाल!’

शेवटच्या वर्षी वर्ग दुभंगतो. जाहिरातीच्या तासाला बाहेरून खुर्च्या आणाव्या लागतात. पत्रकारितेला पहिले दोन बाक पुरतात. पदवीनंतर हुशार विद्यार्थी पीआर कंपनीत प्रेसनोट लिहितो आणि त्याच्या निम्म्या पगारात त्याचा वर्गमित्र ती छापतो. लेखी परीक्षेत सहा ककारांच्या प्रश्नाला दोघांनाही पैकीच्या पैकी गुण असतात.