उशाशी दहा सेंटिमीटर कोयना

पावसाळ्यात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली माणसे सकाळी उठल्या उठल्या पाणी मोजतात. सातारकर कोयनेत किती टीएमसी झाले ते बघतो, सांगलीकर आयर्विन पुलाजवळ किती फूट झाले ते बघतो, आणि मग दोघे एकमेकांकडे संशयाने बघतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. पाण्याच्या हिशेबात इतका मुरलेला मुलूख दहा सेंटिमीटर पाण्याला घाबरतो, हे मला काही केल्या पटत नाही. ज्याला घाबरतो ते यंत्र म्हणजे सीपॅप. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो त्यांच्या उशाशी ते ठेवायचे, नळी जोडायची, मास्क नाकावर चढवायचा आणि झोपायचे. हे यंत्र ज्या हवेने घसा उघडा ठेवते तिचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात. कमीत कमी ४, जास्तीत जास्त २०. पुष्कळांचे काम दहाच्या आसपास भागते. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच आहे. म्हणजे तुडुंब भरलेल्या कोयनेच्या तळाशी जो दाब असेल, त्याचा साधारण हजारावा हिस्सा नाकाशी येतो. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, त्याची वीज होते आणि त्याच विजेतला चिमूटभर अंश रात्री पुन्हा ‘पाण्याचा दाब’ होऊन उशाशी येतो, असे मानायला काय हरकत आहे? तरीही लोक म्हणतात, ‘छातीच फुटायची.’ माझे म्हणणे एवढेच की हे यंत्र आपल्याला परके नाही. परकी आहे ती आपली स्वतःची झोप, कारण ती आपण कधी पाहिलेलीच नसते.

गैरसमजाला सुरुवात घोरण्यापासून होते. आपल्याकडे घोरणे ही सुखाची पावती समजतात. जावई जेवून आडवा झाला आणि दहा मिनिटांत घोरू लागला की सासूबाईंना पाहुणचार अंगी लागल्याचे समाधान मिळते. ‘डाराडूर’ हा शब्दच असा आहे की तो उच्चारताना पोट भरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मोठ्याने घोरणारा माणूस बऱ्याचदा झोपेत झुंजत असतो. हे समजून घ्यायला मिरजेला जावे. तिथले तंबोरे बनवणारे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात. तार घोडीला हलकेच घासत राहते आणि सूर गुंजायला लागतो. घशात नेमके हेच होते. झोपेत स्नायू सैलावतात, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ लोंबू लागते, वाट अरुंद होते, आत शिरणारी हवा त्यांना घासत जाते आणि जवारी लागते. (मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घोरण्याला ते मिळणार नाही. त्यावर हक्क सांगणारे तालुके फार आहेत.) आता तीच तार बोटाने दाबून धरली तर? आवाज बंद. जीभ मागे कलंडली आणि वाट पुरती मिटली की घोरणेही असेच बंद पडते. दिवसभर ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ हा ज्यांचा धर्म, त्यांची तीच जीभ रात्री टाळ्याला पाठ दाखवून घशात पडते. छाती हलते, पोट हलते, हवा मात्र जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. शेवटी मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागा करतो, एक दणदणीत फुरफुराट होतो आणि मैफल पुन्हा सुरू. सकाळी त्या माणसाला यातले काहीही आठवत नाही. मधल्या शांततेत शेजारी झोपलेली बायको कूस बदलून म्हणते, ‘चला, थांबले एकदाचे.’ खरे तर काळजी करायची घटका तीच असते. आवाजाला वैतागायचे आणि शांततेला सुख मानायचे, असा हा आपला उलटा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडकला की डॉक्टर त्याची एक नोंद धरतात. वाट अर्धवट मिटून प्राणवायू उतरला तर तीही धरतात. तासाला अशा पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर चिंता नाही. तीसच्या वर गेल्या तर झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांत दोनशे दहा. रात्रीतून दोनशे दहा वेळा शेजाऱ्याने दाराची कडी वाजवली असती तर आपण पोलिसांत गेलो असतो. स्वतःच्या जिभेने वाजवली म्हणून आपण गप्प बसतो आणि दिवसा डुलक्या काढतो. या डुलक्या मोजायलाही १९९१ पासून एक प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या मरे जॉन्स यांनी ती केली. आठ प्रसंग, प्रत्येकात डोळा लागण्याच्या शक्यतेला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेलात तर तपासणी करून घ्यावी. प्रसंग असे की वाटावे, जॉन्ससाहेब आपल्याकडे राहून गेले. दुपारी आडवे पडल्यावर झोप लागते का? जेवणानंतर नुसते बसल्यावर? गाडीत तासभर मागे बसून जाताना? नाट्यगृहात किंवा सभेत? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले त्या सांगलीत नाटकात झोपणे हे पाप आहे, पण सभेतल्या झोपेला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत. साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालवाचन चालू असताना जो जागा राहतो त्याचीच तपासणी करावी. मात्र उसाच्या दराचा विषय निघाल्यावरही मान कलंडत असेल तर तो आजारच, त्याला प्रश्नावलीची गरज नाही. आठवा प्रसंग रहदारीत गाडी काही मिनिटे थांबल्याचा आहे. खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी अडकलेल्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. तिथे मागच्या सीटवर कोणी झोपले तर तो फक्त एक गुण. स्टिअरिंगमागे कोणाचा डोळा लागला तर मात्र विनोद संपतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘ही शहरातली नवी फॅडं. आमचे आजोबा घोरायचे आणि नव्वद वर्षे जगले.’ आजोबांना नमस्कार. पण जे घोरत घोरत पंचावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले, त्यांचे नातू असा दाखला देत नाहीत. त्यांना ‘पुण्यवान, झोपेत गेला’ असे म्हणून आपण विषय मिटवलेला असतो. शिवाय घोरणारा प्रत्येक माणूस या आजाराचा रुग्ण नसतो, हेही खरे. आजोबा नुसतेच सुरेल असतील. राहिला नवेपणा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेराक्लिया नावाच्या ग्रीक नगरात डायोनिसियस नावाचा अतिलठ्ठ राजा होता. तो झोपेत गुदमरे, म्हणून वैद्यांनी त्याला लांब, बारीक सुया टोचून जागे करण्याचा इलाज सुचवला होता. ज्यांना मास्क नको आहे त्यांनी या पर्यायाचा जरूर विचार करावा. आपल्याकडे तर कुंभकर्ण आहेच. सहा महिने झोपूनही ज्याला उठवायला ढोल, शंख आणि हत्ती लागतात आणि ज्याच्या नाकातल्या वाऱ्याने उठवायला आलेले राक्षस मागे रेटले जातात, त्याच्या झोपेला गाढ म्हणायचे की नासलेली, याचा विचार लंकेत कोणी केला नाही. दुसरा आक्षेप असा की हे मुंबईकरांचे दुखणे. मुंबईचाच आकडा घेऊ. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली आणि तीत हा आजार साडेसात टक्क्यांमध्ये आढळला. म्हणजे तेरा-चौदा पुरुषांत एक. विकास सोसायटीच्या संचालक मंडळात तेवढीच माणसे असतात. कोण ते गावाला ठाऊकही असते. आपण मुंबईकर नाही हे खरे, पण आता आपणही बांधापर्यंत मोटारसायकलनेच जातो आणि आपल्या मानेचा घेर शर्टाच्या कॉलरला ठाऊक आहे. सतरा इंचांवर गेलेली पुरुषाची मान हे डॉक्टरांच्या यादीतले एक लक्षण आहे. बायकांचे बोलायलाच नको. आपल्या समाजात बायका अधिकृतरीत्या घोरतच नाहीत, त्यामुळे पाळी गेल्यानंतर त्यांच्यात वाढणारा हा आजार ‘हल्ली दमल्यासारखं होतं’ या नावाखाली बिनबोभाट चालतो.

यंत्राचा जन्म मोठा घरगुती आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली. जी हवा ओढते तिला ढकलायला लावले, आणि पुढच्या वर्षी पाच रुग्णांवरचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापला. या यंत्रातून प्राणवायू येत नाही. खोलीतलीच हवा थोड्या जोराने येते आणि मिटणारी वाट आतून फुगवून धरते, सायकलची ट्यूब टायरला धरते तशी. पण कोरोनाच्या दोन वर्षांनी आपले डोळे असे बिघडवले आहेत की मास्क दिसला की ‘ऑक्सिजन लावलाय’ ही बातमी आळीभर होते आणि संध्याकाळी दोघेजण शहाळी घेऊन हजर होतात. यंत्राची खरी अडचण हवेची नसून अब्रूची आहे. नाकापासून निघून उशाशी जाणारी ती लवचीक नळी म्हणजे सोंडच. नातवंडे तसे म्हणतात आणि घरचा कर्ता पुरुष चिडतो. चिडतो कुठे, तर सांगलीत, जिथे गणपती पटवर्धन संस्थानाचे दैवत. आणि सातारा जिल्ह्यात, जिथे वाईच्या घाटावर ढोल्या गणपती बसला आहे. ज्या मुलखात सोंडेला आणि ढेरीला एवढा मान, तिथे स्वतःची ढेरी चालते आणि सोंड तेवढी खटकते, याला काय म्हणावे? मिशांची अडचण मात्र मी खरी मानतो. मास्कची रबरी कड मिशीवर नीट बसत नाही, बाजूने हवा सुटते आणि डोळ्यात जाते. साताऱ्याच्या माणसाला मिशी काढा म्हणणे म्हणजे अजिंक्यतारा जरा बाजूला सरकवा म्हणण्यासारखे. पण त्यावरही नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या बोंड्यांचा मास्क निघाला आहे. मिशी राहते, श्वासही राहतो.

मग येतात उपाय सुचवणारे. ‘प्राणायाम करा.’ जरूर करावा, पण प्राणायाम जागेपणी होतो आणि जीभ पडते झोपेत. तिला शिस्त लावणारा तेव्हा स्वतःच घोरत असतो. ‘वजन उतरवा.’ एकदम मान्य, फरक पडतो. पण वजन उतरेल दिवाळीनंतर, श्वास घ्यायचा आहे आज रात्री. शिवाय लहान जबड्याच्या सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. कुशीवर झोपण्याचा सल्ला सर्वांत देशी आहे. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, डाव्या-उजव्या कुशीवर कमी पडते, आणि काहींना तेवढ्यानेच बरेच बरे वाटते. वामकुक्षी या शब्दाचा अर्थच डावी कूस. आपल्या लोकांनी कूस सोडली, झोप तेवढी ठेवली. सगळ्यांत गमतीचा उपाय पुराव्यासकट आहे. स्वित्झर्लंडमध्ये पंचवीस जणांच्या प्रयोगात काहींना डिजरिडू हे फुंकून वाजवायचे ऑस्ट्रेलियन वाद्य शिकवले. सुमारे चार महिन्यांच्या सरावाने त्यांचा घसा बळकट झाला, दिवसाची झोप कमी झाली. २००६ साली ते छापून आले आणि २०१७ साली त्याला विनोदी संशोधनाचे इग नोबेल मिळाले, तेही शांततेचे. आपल्याकडे तुतारी आहे. पण हल्ली घरात तुतारी वाजवली तर तो व्यायाम आहे की निवडणुकीचा प्रचार, हे शेजाऱ्यांना लेखी कळवावे लागेल. उरला ‘सवय लागेल’ हा आक्षेप. चष्म्याचीही लागते. चष्मा काढल्यावर दिसेनासे झाले म्हणून चष्म्याला कोणी दोष देत नाही.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या, शिवाय हा आजार असलेल्या २,७१७ जणांवर मोठी चाचणी झाली. २०१६ साली निकाल आला की सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. यंत्रविरोधकांनी हे कात्रण जपून ठेवावे, फक्त खालची ओळ कापू नये. त्या मंडळींनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तास लावले होते. गोळी अर्धी खाऊन डॉक्टरला शिव्या घालण्याची रीत जगभर सारखी आहे. आणि तेवढ्या वापरातही दिवसाची झोप कमी झाली, मन थाऱ्यावर आले, कामावरच्या रजा घटल्या. म्हणून यंत्र हृदयाचे कवच आहे असे मी म्हणत नाही. झोप भरून काढणारे आहे एवढेच म्हणतो, आणि तेवढ्यासाठीही ते रात्रभर लावावे लागते. पहिले काही आठवडे नाक कोरडे पडते, गालावर पट्ट्यांचे वळ उठतात, मध्यरात्री हात आपोआप मास्क उपटतो. दाब हळूहळू चढवण्याची सोय यंत्रात असते, ओलावा देणारी पाण्याची डबी असते, मास्कची मापे असतात. त्यांच्यावर चिडण्याआधी ती वापरून पाहावीत. किती तास लावले हे यंत्र स्वतःच लिहून ठेवते, त्यामुळे डॉक्टरांपुढे ‘रोज लावतो की’ हे चालत नाही. वीज जाते, हेही खरे. पण शेतीला रात्रपाळीची लाईट आली की ज्या माणसाला दोन वाजता उठून मोटर सुरू करता येते, त्याला एक इन्व्हर्टर सांभाळता येणार नाही हे मला सांगू नका.

तपासणीसाठी फार लांब जायलाही नको. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालय उघडल्यापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. पण दारापर्यंत पोचण्याआधी एक पुरावा गोळा करावा लागतो, आणि तो घोरणाऱ्याला गोळा करता येत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्यांना विनंती: आज रात्री मोबाइलवर पाच मिनिटे रेकॉर्ड करा. घोरणे मध्येच थांबले तर सुटका झाली म्हणून बटण दाबू नका. तिथून सेकंद मोजायला लागा.