रेपोसाहेब, एकदाची तारीख सांगा!

प्रति,
मा. रेपो दर साहेब,
रिझर्व्ह बँक, मिंट रोड, फोर्ट, मुंबई.

विषय : आमच्या धंद्यात आपण घातलेल्या लक्षाबद्दल आभारवजा तक्रार.

महोदय,

सा. न. वि. वि.

आपली-माझी ओळख नाही. मी पुण्यात कर्वे रस्त्यावर दहा बाय बाराच्या गाळ्यात बसणारा इस्टेट एजंट. मात्र आपल्या दोघांत एक साम्य आहे. लोक आपल्या दोघांवरही विश्वास ठेवत नाहीत आणि दोघांना विचारल्याशिवाय घरही घेत नाहीत. म्हणून हे अनावृत पत्र लिहिण्याचं धाडस करतो.

दर दोन महिन्यांनी सहा जणांची समिती बसते आणि सकाळी दहा वाजता आपला निकाल जाहीर होतो. दहा वाजून एक मिनिटाने माझा फोन वाजतो. "काय हो, उतरला का?" विचारणारे गृहस्थ एका कंपनीत अकाउंट्स बघतात. त्यांचं खरं नाव सांगत नाही. पाव टक्क्याशिवाय त्यांच्या तोंडी दुसरा विषय नसतो, म्हणून आमच्या ऑफिसात त्यांचं नाव पडलंय 'पावटक्के'.

पावटक्के पहिल्यांदा आले ते जून २०२२ मध्ये. वारज्यात एक रीसेलचा टू बीएचके दाखवला. पाचवा मजला, ७२ लाख. सौभाग्यवतींनी ड्राय बाल्कनी पाहिली, मुलाने प्रत्येक खोलीत जाऊन मोबाइलची रेंज पाहिली, वडिलांनी खिशातून होकायंत्र काढून स्वयंपाकघराची दिशा पाहिली. पावटक्क्यांनी काहीच पाहिलं नाही. ते लिफ्टजवळ उभं राहून मला विचारत होते, "बँक काय लावतेय सध्या?" म्हटलं, साडेसातच्या आसपास. ते दुखावल्यासारखे झाले. "गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एकाला पावणेसातच्या आत मिळालंय. थांबू या. येईल खाली."

साहेब, तेव्हा आपण नुकतेच उठून चालायला लागला होतात. करोनात मे २०२० मध्ये चार टक्क्यांवर निजलात ते दोन वर्षं कूस न बदलता. मग ४ मे २०२२ ला, समितीची ठरलेली बैठक नसताना, एकदम चाळीस पैसे वर. तिथून फेब्रुवारी २०२३ पर्यंत आपण साडेसहाला पोचलात आणि पुढची दोन वर्षं तिथेच ठाण मांडून बसलात. पावटक्के भाड्याच्या घरात बसून आपली वाट बघत राहिले.

आणि साहेब, आपण आलात! फेब्रुवारी २०२५ पासून पायरी पायरीने उतरायला लागलात, जूनमध्ये तर एकदम अर्धा टक्का. त्या दिवशी पावटक्क्यांनी फोनवर विचारलं नाही, थेट पेढे घेऊन आले. "आता बँक काय लावतेय?"

म्हटलं, साडेसातच्या आसपास.

तीन वर्षं थांबून गृहस्थ ज्या पायरीवरून निघाले होते त्याच पायरीवर येऊन उभे राहिले. मधल्या काळात त्याच बिल्डिंगमधला, त्याच मापाचा, दोन मजले खालचा फ्लॅट ८६ लाखांना झाला होता. घरभाडं महिना २२ हजार, म्हणजे ३६ महिन्यांचे ७ लाख ९२ हजार त्यांच्या घरमालकाला पोचले. माझी दलाली दोन टक्के. त्यांच्या थांबण्याने माझे २८ हजार वाढले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आपणही सांगू नये.

ज्या ऑफिसमित्राच्या पावणेसातच्या आतल्या दराने पावटक्क्यांची झोप उडवली, त्याचं काय झालं तेही ऐका. त्याने २०२१ मध्ये ५० लाख घेतले होते, ६.७ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता ३७ हजार ८७० रुपये. पण दर फ्लोटिंग, म्हणजे आपल्या पायाला बांधलेला. आपण अडीच टक्के चढलात, तोही चढून ९.२ झाला. पन्नास लाखांवर ९.२ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच होतं ३८ हजार ३३३. हप्त्यापेक्षा व्याज मोठं! बिचाऱ्याचं दोनेक लाख मुद्दल आधी फिटलं होतं म्हणून निभावलं, तरी हप्त्यातले जेमतेम हजार-अकराशे रुपये मुद्दलापर्यंत पोचत होते. त्या चालीने कर्ज फिटायला आणखी पस्तीस वर्षांहून जास्त लागली असती, आणि गृहस्थाची नोकरी उरलीय अठरा वर्षं. बँका अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवायच्या, आणि कर्जदाराला आपलं वय वाढल्यासारखं वाटायचं. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. थोडक्यात काय, ज्या दराचा पावटक्क्यांना हेवा वाटत होता तो त्या मित्राला लाभला नव्हता. हळदीकुंकवाला शेजारणीची नथ घालून मिरवावं, तसा तो त्याने काही महिने मिरवला.

आता माझा कबुलीजबाब. आपल्यामुळे माझं दुकान चालतं. आपण चढलात की मी ग्राहकाला सांगतो, "अजून वाढण्याआधी घेऊन टाका." उतरलात की सांगतो, "आता गर्दी होणार आणि भाव वाढणार, घेऊन टाका." जागच्या जागी थांबलात तर "स्थिर आहे तोवर घेऊन टाका." नोटाबंदीनंतर पुण्यात कितीतरी दिवस भाव जागचे हलत नव्हते. तेव्हाही मी "पुढच्या महिन्यात वाढणार" असंच छातीठोकपणे सांगत होतो. ज्यांनी ऐकलं नाही ते शहाणे ठरले. अशी माणसं रस्त्यात भेटली की मी समोरचा फुटपाथ धरतो.

तरीही धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. माणसं पाव टक्क्यासाठी तीन वर्षं थांबतात आणि घर पंधरा मिनिटांत बघतात. पन्नास लाखांवर, वीस वर्षांच्या मुदतीत, साडेआठचे सव्वाआठ झाले तर महिन्याला वाचतात ७८८ रुपये. त्याच माणसाला विचारा, "पाणी पालिकेचं की टँकरचं?" तो म्हणतो, "असेल की पालिकेचं." एप्रिल-मे मध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले की मेंटेनन्स एका फटक्यात दीड हजाराने वाढतो. तेव्हा आपल्याला कोणी फोन करत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये खोल्या मोठ्या वाटाव्यात म्हणून दारंच लावलेली नसतात आणि पलंग पाय दुमडून निजावं असा आखूड असतो. त्याच्या कडेवर बसून लोक मोबाइलमध्ये हप्त्याचा कॅल्क्युलेटर उघडतात. टेप मात्र कोणी उघडत नाही. महारेरा २०१७ ला आला, किती वर्षं झाली ते मोजा; कायद्याने चटईक्षेत्र सांगावं लागतं. विचारलं तर आम्हीही सांगतो. विचारणारा हवा.

एका मुलाने आपल्यासाठी आठ महिने कळ काढली. शेवटी बँकेत गेला तर त्याचा दर जाहिरातीतल्या दरापेक्षा अर्धा टक्का वर. सिबिलचा स्कोर पडलेला. का? तर कॉलेजात असताना मॉलमधल्या टेबलावर फुकट बॅग मिळते म्हणून क्रेडिट कार्ड घेतलं होतं. कार्ड हरवलं, वार्षिक फी थकली ४९९ रुपये. पाव टक्का मिंट रोडवरून यायची वाट बघत होता, आणि अर्धा टक्का घरातल्या ड्रॉवरमधून निसटला होता.

सगळ्यात मजेची गोष्ट पुढेच आहे. पावटक्क्यांनी शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये, आपण सव्वापाचला टेकल्यावर, वारज्याचाच तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पक्का केला. स्टॅम्प ड्युटी, मेट्रोचा अधिभार वगैरे धरून पुण्यात सात टक्के जातात, वर नोंदणीचे ३० हजार. मी म्हटलं, "घर एकट्या वहिनींच्या नावावर करा. महिलेच्या नावावर एक टक्का सवलत आहे. ८६ हजार आत्ताच्या आत्ता वाचतात. कर्जात तुम्ही सहकर्जदार राहाच." पावटक्के बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही, म्हणजे तसं काही नाही, पण दोघांचं नाव असू दे." वहिनी काही बोलल्या नाहीत. पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत बसल्या. मी गुपचूप कॅल्क्युलेटर दाबला. आपल्याकडून पाव टक्का मिळवून ८६ हजार जमायला पावटक्क्यांना नऊ वर्षं लागली असती.

दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात आमचा नंबर तीन तासांनी लागला. पावटक्क्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राला पटेना. समोरची मुलगी म्हणाली, "काका, हात पुसा, घाम आलाय." पुसला, ठेवला, परत नाही. तिसऱ्यांदा पँटला अंगठा घासता घासता ते माझ्या कानाशी वाकले, "काय हो, फेब्रुवारीत अजून उतरेल का?"

तेव्हा मला आपली नेमकी नोकरी कळली, साहेब. आयुष्यात एकदाच, वीस वर्षांसाठी, कमाईच्या निम्म्यावर सही करताना माणसाला भीती वाटते. ती "मला भीती वाटते" अशी बायकोसमोर, सासऱ्यासमोर, ऑफिसात सांगता येत नाही. "दर उतरू दे" असं मात्र चारचौघांत ऐटीत सांगता येतं. ऐकणारा मान डोलावतो, वाटतं हा अर्थशास्त्र जाणतो. आपण सगळ्या मध्यमवर्गाला घाबरण्याचं एक प्रतिष्ठित कारण पुरवता, तेही आकडा देऊन, आणि दर दोन महिन्यांनी ताजं. पूर्वी हेच काम पत्रिका न जुळणं करायचं. तेव्हा लोक म्हणायचे, लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून. आता हप्ता पाहावा भरून, असं म्हणायला हवं.

म्हणून माझी आपल्याकडे एकच मागणी आहे : तारीख द्या. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी पाचाची दोन टक्के केली आणि सांगितलं, ३१ डिसेंबरपर्यंतच. डिसेंबरात नोंदणी कार्यालयांबाहेर मास्क लावलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. वर्षानुवर्षं 'बघू' म्हणणारे माझे ग्राहक सकाळी सातला डबा घेऊन हजर. करोनाला न घाबरलेली माणसं ३१ तारखेला घाबरली. आपल्याला शेवटची तारीखच नाही. आपण उतरलात तरी अजून उतराल अशी आशा, आणि चढलात तरी कधीतरी उतराल अशी आशा. जिथे आशेला तळ नाही तिथे माणूस उडी मारत नाही, काठावर बसून राहतो. तेव्हा पुढच्या बैठकीत फक्त एवढं जाहीर करा : 'यापुढे उतरणार नाही, अमुक तारखेपर्यंत काय ते ठरवा.' खरं असायची गरज नाही. बिल्डर लोक दसऱ्याला, पाडव्याला हेच सांगतात. त्यांना जमतं, तर आपल्याला का नाही?

तूर्त पावटक्के सुखात आहेत. राहायला गेल्यावर महिन्याभराने त्यांचा फोन आला तेव्हा मी घड्याळात दहा वाजलेत का ते पाहिलं. पण विषय वेगळा होता. "अहो, तुम्ही सांगितलं नाही, सकाळी आमच्या स्वयंपाकघरात छान ऊन येतं." मी दोन्ही वेळा सांगितलं होतं. तेव्हा ते लिफ्टजवळ उभे होते.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा उतरवावा.

आपला नम्र,
एक इस्टेट एजंट
(महारेरा नोंदणीकृत, परीक्षा पास)

ता. क. माझ्या स्वतःच्या घराचं कर्ज २०१८ चं, जुन्या एमसीएलआर पद्धतीचं. ऑक्टोबर २०१९ पासून नवी कर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी थेट आपल्याशीच, जोडली जातात. जुन्यांनाही थोडी फी भरून तिकडे जाता येतं. मी अजून गेलेलो नाही. फॉर्म आणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. आपण आणखी थोडे उतरलात की भरतो.