कुंपणापर्यंतची पोर्तुगीज

शिवाजी पार्कात नुसता निवृत्त माणूस सापडत नाही. इथला निवृत्त माणूस काहीतरी ‘करत’ असतो. कुणी मोडी शिकतो, कुणी ज्ञानेश्वरीवर टिपणं काढतो, कुणी कट्ट्यावर बसून सचिनचं फूटवर्क अजून सुधारत असतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे अप्पा पोर्तुगीज शिकतात. सगळी नाही. बागेपुरती.

बागेपुरती म्हणजे खरोखरच बागेपुरती. कुदळ म्हणजे एन्शादा, झारी म्हणजे रेगादोर, गांडूळ म्हणजे मिन्योका, शेणखत म्हणजे इश्त्रूम. ‘अप्पा, धन्यवाद कसं म्हणतात हो?’ असं मी एकदा विचारलं. ‘ते कुंपणाबाहेरचं,’ अप्पा म्हणाले, ‘तिथवर अजून गेलो नाही.’ क्रियापदांनाही त्यांनी फाटकातच अडवून धरलंय. उद्या अप्पांना कुणी लिस्बनला नेऊन सोडलं, तर भेटेल त्या माळ्याला ते कुदळ, माती, गांडूळ एवढं ठणकावून सांगतील आणि रात्री उपाशी झोपतील.

या सगळ्याला जबाबदार गार्सिया द ऑर्टा. सोळाव्या शतकातला हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याने राजाकडून खंडाने घेतलं होतं. आज एशियाटिक सोसायटीची इमारत उभी आहे तिच्या मागच्या अंगाला त्याचं घर आणि बाग होती. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, आणि त्यात त्याने मुंबईतल्या आपल्या एका आंब्याचं कौतुक केलंय, कारण तो वर्षातून दोनदा फळायचा. ‘अरे, अख्खं बेट ताब्यात होतं लेकाच्या! आणि लिहिलं कशावर? आंब्यावर!’ हे वाक्य अप्पा मला जिन्यात, लिफ्टच्या दारात आणि एकदा तर एका तेराव्याला जेवणाच्या पंगतीत ऐकवून बसलेत.

अप्पांचं बेट म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची एक काडी खोचलेली, तिच्यावर बॉलपेनने पोर्तुगीज नाव, तेही देवनागरीत. पहिल्या पावसात शाई ओघळते आणि मिरची कोण नि कढीपत्ता कोण हे पानं बघूनच ठरवावं लागतं. तुळशीपाशी मात्र काडी अडली. पोर्तुगीजांकडे तुळस नाही, तिची भावंडं आहेत. त्यांना ते मांजेरिकांव म्हणतात. काकूंनी ते ऐकलं आणि ‘माझ्या तुळशीला मांजर म्हणाल तर उद्यापासून चहा बंद’ असं जाहीर केलं. अप्पांनी लगेच सांगितलं की लिस्बनमध्ये जूनमध्ये सेंट अँथनीचा सण असतो, तेव्हा माणसं एकमेकांना या रोपाची कुंडी भेट देतात, वर कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता. ‘तुम्ही मला एवढ्या वर्षांत कुठली कुंडी दिलीत?’ काकूंनी विचारलं. याचं उत्तरही कुंपणाबाहेरचं निघालं.

भाजी आणायला अप्पांबरोबर जाऊ नये. बटाटा उचलला की ‘त्यांचा’. कोबी ‘त्यांचा’. पपई, अननस, काजू, सगळी ‘त्यांची’ नावं. भाजीवालीने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बाबा, मी वसईची. दोनशे वर्षं होते ते आमच्याकडे. मला काय शिकवता? पाव किलो देऊ की अर्धा?’ चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली ती तलवारीने. आमच्या अप्पांना एका तागडीने परत पाठवलं.

पण त्यांचा खरा पराक्रम कट्ट्यावर. ज्या मैदानाने ‘आपलं कोण आणि बाहेरचं कोण’ यावर एवढ्या सभा ऐकल्या, त्या मैदानाकडे तोंड करून अप्पा हातातल्या वडापावची झडती घेतात. बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, पाव बाहेरचा. ‘मग आपलं काय उरलं?’ शेजारचा कळवळून विचारतो. ‘हळद,’ अप्पा म्हणतात आणि उरलेला घास तोंडात टाकतात. असल्या माणसाला शिवाजी पार्कात अजून कुणी धक्काबुक्की केलेली नाही, यावरून या वस्तीची सहनशीलता लक्षात यावी.

पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपवर बसची वाट पाहताना मी मुद्दाम विचारलं, ‘चर्चला काय म्हणतात?’ अप्पांनी चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या इमारतीकडे पाहिलं, देवळाचं मूळ १५९६ चं आहे हे सांगितलं आणि म्हणाले, ‘पण आवारातल्या झाडांचं विचार.’

एकदा वॉचमनला म्हणाले, ‘मांगेइरा आण.’ मांगेइरा म्हणजे आंब्याचं झाड आणि मांगेइरा म्हणजे पाण्याची रबरी नळी. दोन्ही. वॉचमन जौनपूरचा. त्याने दोन्हींतलं काहीच आणलं नाही.

आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणातला आंबा साधा रायवळ. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा कायद्याप्रमाणे त्याच्या बुंध्याला नोटीस लागली आणि हरकती मागवल्या गेल्या. साऱ्या इमारतीतून हरकत एकच गेली, चार पानी. दुसऱ्या पानावर गार्सिया द ऑर्टा साक्षीला उभा. मी ती वाचून हसलो होतो. हरकतीची ‘नोंद घेण्यात आली’ आणि झाड जाणार हे ठरलं.

त्यानंतर एका सकाळी काही कागद द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. मैदानातली लाल माती वाऱ्याबरोबर उडून आमच्या सगळ्यांच्या घरात येते, आणि आम्ही सगळे तिला शिव्या देत फडकं मारतो. अप्पा खिडकीच्या फळीवरची ती धूळ जुन्या व्हिजिटिंग कार्डाने हळूहळू एका कडेला ओढत होते. चिमूटभर जमली की कुंडीत. काकू बाजूला उभ्या राहून कार्ड पुढे सरकवायला जागा करून देत होत्या. कुठल्याही भाषेत काही बोलणं चाललं नव्हतं.

मग सोसायटीची सभा झाली. आर्किटेक्टने पडद्यावर पोडियमवरची बाग दाखवली. दीड फूट माती, वर कृत्रिम हिरवळ, कडेला पाम. अप्पा उभे राहिले. आता सुटका नाही म्हणून आम्ही मोबाईल काढले. पण अप्पा सरळ मराठीत बोलले. ‘दीड फुटात आंब्याचं मूळ कुठे जाणार? तळमजल्याच्या एका कोपऱ्यात खाली स्लॅब नको. खरी माती हवी, जमिनीला लागलेली. कलम मी आणतो.’ एवढंच. पोर्तुगीजचा एक शब्द नाही. ऑर्टासुद्धा नाही.

‘अनुमोदन कुणाचं?’ सेक्रेटरींनी विचारलं. सगळे चहाच्या कपात बघायला लागले. आता या माणसाने एवढी वर्षं माझं डोकं खाल्लंय, तर निदान त्याचं झाड तरी उगवलेलं बघावं, असं मनात आलं आणि हात वर गेला.

ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात लिहिलंय: कोपऱ्यात आंब्यासाठी माती राखून ठेवावी, सूचक अप्पा, अनुमोदक अस्मादिक, त्यापायी येणारा जादा खर्च सूचक व अनुमोदक यांनी निम्मानिम्मा सोसावा.

पार्किंगचे चार मजले मात्र बिल्डर फुकट बांधून देणार आहे.